आयसोमर पाठ करू नका, समोर कोण आहे ते लिहा

कोऑर्डिनेशन संयुगांचा, म्हणजे मधल्या धातूला भोवतीचे रेणू-आयन धरून बसतात अशा संयुगांचा, धडा सुरू झाला की बारावीच्या मुलांच्या वहीत आयसोमरांचा (अणू तेच, मांडणी वेगळी) एक तक्ता तयार होतो. आयनीकरण, हायड्रेट, लिंकेज, कोऑर्डिनेशन, भौमितिक, ऑप्टिकल असे रकाने, प्रत्येकात एक व्याख्या आणि एक उदाहरण. अक्षर सुरेख, लाल पेनानं आखलेलं. मग बोर्डाच्या किंवा नीटच्या पेपरात उदाहरण बदलतं आणि तक्ता गप्प बसतो. मी फोंड्याजवळ कवळ्याला घराच्या सोप्यावर शिकवण्या घेते, आणि हा तक्ता आधी मिटून ठेवायला लावते. संयुगाला क्रमानं चार प्रश्न विचारायचे. ज्या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं निघाली तिथं आयसोमर आहे, आणि कुठला प्रश्न होता त्यावरून प्रकारही कळतो.

प्रश्न असे: कंसाच्या आत कोण आणि बाहेर कोण? आतल्या लिगँडनं (धातूला धरून बसलेल्या रेणूनं किंवा आयनानं) धातूला स्वतःच्या कुठल्या अणूनं धरलंय? धातूच्या पलीकडे, बरोबर समोर, कोणाच्या कोण आहे? आणि शेवटी, आरशातलं रूप मूळ रूपावर चपखल बसतं का? पहिले दोन कागदावर सुटतात. तिसऱ्या-चौथ्याला बटाटा लागतो, त्याचं पुढं सांगते. सूत्रं तुम्ही वहीत नेहमीसारखी लिहालच. इथं मी ती बोलून सांगणार आहे.

कंसाच्या आत, कंसाच्या बाहेर

चौकोनी कंसात जे आहे ते धातूला धरून बसलेलं. बाहेर जे आहे ते पाण्यात पडताच मोकळं होतं. एवढं डोक्यात पक्कं असेल तर आयनीकरण आयसोमर दोन परीक्षानळ्यांत ओळखता येतात.

एक संयुग घ्या: कंसात कोबाल्ट, पाच अमोनिया आणि एक ब्रोमाइड, बाहेर सल्फेट. रंग जांभळा. दुसऱ्यात सल्फेट आत गेलाय आणि ब्रोमाइड बाहेर आलाय, हे लालसर. अणू तेच, संख्या तीच. पहिल्याच्या द्रावणात बेरियम क्लोराइड घातलं की बेरियम सल्फेटचा पांढरा साका पडतो. दुसऱ्यात तो पडत नाही, पण सिल्व्हर नायट्रेट घातलं की सिल्व्हर ब्रोमाइडचा फिकट पिवळा साका येतो. सॉल्ट अ‍ॅनालिसिसला तुम्ही याच बाटल्या हाताळता, म्हणून नवं काही शिकायचं नाही.

अदलाबदल केल्यावर विद्युतभार तपासायला मात्र विसरू नका. कोबाल्ट दोन्हीकडे अधिक तीन. पहिल्यात आतला ब्रोमाइड उणे एक, म्हणून कंसावर अधिक दोन, बाहेर एक सल्फेट पुरतो. दुसऱ्यात आतला सल्फेट उणे दोन, कंसावर अधिक एक, बाहेर एक ब्रोमाइड. हिशेब जुळला. न जुळणारी सूत्रं बिनधास्त लिहून देणारी मुलं दरवर्षी भेटतात.

बाहेर-आत करणारा पाहुणा जर पाणी असेल तर त्याच गोष्टीला हायड्रेट आयसोमर म्हणतात. इथलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण त्याची बाटली बहुतेक प्रयोगशाळांच्या कपाटात असते. क्रोमियम क्लोराइड, सहा पाण्यांचं. गडद हिरवे खडे. पावसाळ्यात बूच सैल राहिलं की ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात. या हिरव्या रूपात क्रोमियमभोवती चार पाणी आणि दोन क्लोराइड आहेत. तिसरा क्लोराइड आणि उरलेली दोन पाणी बाहेर. दुसरं रूप निळसर हिरवं: आत पाच पाणी, एक क्लोराइड. तिसरं जांभळट: आत सहाच्या सहा पाणी, तिन्ही क्लोराइड बाहेर. आतली बेरीज कायम सहा, हे धरून ठेवलं की तिन्ही सूत्रं न आठवताही मांडता येतात.

परीक्षक इथून गणित काढतो. एक मोल संयुगाला भरपूर सिल्व्हर नायट्रेट दिलं तर किती मोल सिल्व्हर क्लोराइड पडेल? बाहेर जितके क्लोराइड तितके: हिरव्याला १, निळसर हिरव्याला २, जांभळटाला ३. समजा ०.०१ मोलर द्रावण १०० मिलीलिटर आहे आणि संयुग गडद हिरवं आहे. द्रावणात संयुग ०.००१ मोल, म्हणून साकाही ०.००१ मोल, म्हणजे सुमारे ०.१४३५ ग्रॅम. पेपरात एवढंच. प्रत्यक्षात करणार असाल तर द्रावण ताजं आणि थंड हवं. हिरवं द्रावण ठेवून दिलं की आतले क्लोराइड हळूहळू बाहेर पडतात, पाणी त्यांची जागा घेतं, रंगही बदलत जातो, आणि मग साका हिशेबापेक्षा जास्त भरतो.

कंस एक नसून दोन असतील, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही आयन कॉम्प्लेक्स असतील, तर लिगँड एका धातूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. कोबाल्टकडे सहा अमोनिया आणि क्रोमियमकडे सहा सायनाइड, किंवा उलट. हा कोऑर्डिनेशन आयसोमर. दोन कंस दिसले की संशय घ्यायचा, यापलीकडे यात फारसं काही नाही.

कुठल्या अणूनं धरलंय

दुसरा प्रश्न बहुतेक लिगँडना लागूच होत नाही. अमोनियाकडं धरायला एक नायट्रोजनच आहे. पण नायट्राइट नायट्रोजननंही धरू शकतो, ऑक्सिजननंही. थायोसायनेट गंधकानं किंवा नायट्रोजननं. पेपरात हे दोघे दिसले की लिंकेज आयसोमरची शक्यता तपासायची.

डेन्मार्कच्या यॉर्गेन्सननं १८९४ च्या सुमारास याची जोडी तयार केली होती: कोबाल्ट, पाच अमोनिया, एक नायट्राइट. नायट्रोजननं धरलेलं पिवळं, ऑक्सिजननं धरलेलं लाल. लाल ठेवून दिलं की हळूहळू पिवळं होतं, कारण नायट्रोजनची पकड इथं जास्त स्थिर आहे. थायोसायनेटच्या बाबतीत धातूचा स्वभाव बघायचा. लोह, क्रोमियम सहसा नायट्रोजनकडून धरले जातात. प्लॅटिनम, पारा गंधकाकडून. लोहाच्या चाचणीत नळी रक्तासारखी लाल होते तेव्हा तिथं नायट्रोजननं धरलेलं असतं.

मुलं हमखास विचारतात, "टीचर, एथिलीनडायअमीनला पण दोन नायट्रोजन आहेत, मग ते का नाही?" कारण ते दोन्हीही एकाच वेळी धरतात. लिंकेजसाठी दाते दोन हवेत, वेगवेगळे हवेत आणि एका वेळी एकानंच धरायला हवं.

बटाटा, हीर आणि अळसांदे

आता खरं काम. कागदावर अष्टफलक (धातूभोवती सहा लिगँड असतात तेव्हाचा आकार) काढला की सगळे कोन चपटे होतात आणि मुलं एकाच आयसोमरला तीन वेळा मोजतात. म्हणून एक कच्चा बटाटा घ्या, लहान, गोलसर. उकडलेला नको, काड्या सैल होतात. माडाच्या झावळीचे हीर वितीएवढे तोडा, सहा. चार हीर बटाट्याच्या कमरेभोवती काटकोनात, एक वर, एक खाली. टोकांना रात्रभर भिजवलेली कडधान्यं टोचायची: पांढरे वाटाणे, चणे, लाल अळसांदे (चवळी). तिन्ही टोणाकासाठी (आमच्याकडच्या कडधान्याच्या रश्श्यासाठी) घरात असतातच. फक्त आईला आधी सांगा. वाटाण्याला क म्हणू, चण्याला ख, अळसांद्याला ग.

या बटाट्याकडं नीट बघा. सहा टोकं आहेत, पण समोरासमोरच्या जोड्या तीनच: वर-खाली, पुढं-मागं, डावी-उजवी. बटाटा कसाही फिरवला तरी कोणासमोर कोण आहे ते बदलत नाही. म्हणून भौमितिक आयसोमर मोजायचे तर चित्रं काढायची गरजच नाही. तीन जोड्यांची यादी लिहायची. यादी वेगळी तर आयसोमर वेगळा.

चार क आणि दोन ख घ्या. दोन ख समोरासमोर असतील तर यादी कक, कक, खख. हा ट्रान्स. नसतील तर कक, कख, कख. हा सिस. तिसरी यादी लिहून बघा, जमत नाही. कोबाल्टवर चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असतात तेव्हा ट्रान्स हिरवा आणि सिस जांभळा. ही साधी मोजणी एकेकाळी मोठ्या वादाच्या मध्यभागी होती. झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नरनं १८९३ मध्ये अष्टफलकाची कल्पना मांडली तेव्हा त्याच्या हाताशी हाच युक्तिवाद होता: सहा लिगँड चपट्या षट्कोनात असते तर चार-दोनच्या संयुगाचे तीन प्रकार मिळायला हवे होते, त्रिकोणी प्रिझममध्ये असते तरी तीनच. सापडत होते दोन. एक्स-रेनं स्फटिकातली रचना बघण्याची सोय तेव्हा नव्हती, नुसती रंगीत मिठं आणि मोजणी.

तीन क, तीन ख: एक यादी कख, कख, कख. तिन्ही क एकाच बाजूला येतात, अष्टफलकाचा एक त्रिकोणी पृष्ठभाग व्यापतात. हा फॅक. दुसरी कक, कख, खख. इथं तिन्ही क बटाट्याला मध्यातून अर्धा वळसा घालतात. हा मेर. तीन अमोनिया, तीन नायट्राइटवाला कोबाल्ट पुस्तकात दिसतो तो याच जातीचा.

दोन क, दोन ख, दोन ग हा प्रश्न मुलांना घाबरवतो. यादीनं तो सरळ होतो. तिन्ही आपापल्यासमोर: कक, खख, गग. मग फक्त एकच जात स्वतःसमोर: कक, खग, खग, किंवा खख, कग, कग, किंवा गग, कख, कख. मग कोणीच स्वतःसमोर नाही: कख, कग, खग. एकूण पाच. दोन जाती स्वतःसमोर बसल्या की तिसरीला दुसरा पर्यायच राहत नाही, म्हणून सहावी यादी नाही.

आणि सहाही लिगँड वेगळे असतील तर? वरच्याला समोर बसायला पाच उमेदवार, उरलेल्या चारांपैकी पहिल्याला तीन, शेवटची जोडी ठरलेली. पाच गुणिले तीन, पंधरा.

चार लिगँडवर आलात की आधी आकार ठरवा. चतुष्फलकात प्रत्येकजण बाकी तिघांच्या सारखाच शेजारी असतो, समोर असं कोणी नसतंच, म्हणून तिथं सिस-ट्रान्स नाही. जस्त दिसलं की बहुधा हाच आकार. प्लॅटिनम आणि पॅलेडियम अधिक दोन असतील तर चौरस समतल, आणि तिथं जोड्या दोन. कक, खख ट्रान्स. कख, कख सिस. चारही वेगळे असतील तर क समोर ख, ग किंवा घ, म्हणून तीन.

दोन अमोनिया, दोन क्लोराइडच्या प्लॅटिनमवर जरा थांबते. यातला सिस इटलीच्या पेरोनेनं १८४४ मध्ये केला, आणि शंभरावर वर्षं तो एक पिवळं संयुग म्हणून पडून होता. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होता. जिवाणूंचं विभाजन थांबलं, ते नुसतेच लांब होत गेले. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून विरघळून तयार झालेली संयुगं होती. त्यातून सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध आलं, १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ट्रान्स रूप मात्र औषध म्हणून चाललं नाही. सिसमध्ये दोन क्लोराइड शेजारी असतात. पेशीत ते निघून गेले की प्लॅटिनम डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन ग्वानिन पकडतो. समोरासमोरच्या जागांनी ही पकड जमत नाही. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, त्यांना अजैविक रसायन म्हणजे अडगळ वाटत असते.

हे दोन आयसोमर ओळखायला थायोयुरिया वापरतात. सिसमधले चारही लिगँड निघून चार थायोयुरिया बसतात, द्रावण पिवळं. ट्रान्समधले फक्त क्लोराइड निघतात, अमोनिया जागेवर राहतात आणि पांढऱ्या सुया पडतात. कुर्नाकोव्ह चाचणी हे नाव पेपरात येतं.

आरसा

आता चौथा प्रश्न. बटाटा आरशासमोर धरा, आरशात दिसतो तसा दुसरा बटाटा तयार करा, आणि दोन्ही फिरवून एकमेकांशी जुळतात का बघा. नाही जुळले तर ते ऑप्टिकल आयसोमर. शंखासारखं: उजव्या वळणाचा शंख कितीही फिरवला तरी डाव्या वळणाचा होत नाही.

सगळे लिगँड साधे, एकाच अणूनं धरणारे असतील तर जोड्यांच्या यादीवरूनच उत्तर मिळतं. यादीत एखादी जोडी स्वतःसमोर स्वतः अशी असेल, उदाहरणार्थ कक, तर रेणू आरशाला घाबरत नाही; त्या जोडीच्या मधोमध काढलेलं प्रतल रेणूचे दोन सारखे भाग करतं. एकच जोडी दोनदा आली, उदाहरणार्थ कख, कख, तरीही तेच. तिन्ही जोड्या वेगळ्या आणि एकही स्वतःसमोर नाही, तेव्हाच ऑप्टिकल जोडी मिळते. म्हणून दोन-दोन-दोनच्या पाच याद्यांपैकी फक्त कख, कग, खग ही दुहेरी मोजायची: भौमितिक पाच, एकूण स्टिरिओआयसोमर (भौमितिक आणि ऑप्टिकल मिळून) सहा. सहाही वेगळे असतील तर पंधराच्या पंधरा दुहेरी, तीस. दोन क, दोन ख, एक ग, एक घ करून बघा: सहा याद्या, त्यातल्या दोन दुहेरी, एकूण आठ.

चौरस समतलात हा प्रश्न सहसा विचारायचाच नाही. रेणू ज्या प्रतलात आहे तेच आरशाचं प्रतल.

दोन हातांनी धरणारे लिगँड आले की वरचा नियम सोडून द्यायचा. यादीला कुठलं टोक कुठल्याशी बांधलंय ते दिसत नाही. त्यासाठी वायरिंगच्या कामातून उरलेली प्लास्टिकची वायर कापून शेजारच्या दोन हिरांवर कमानीसारखी बसवा. शेजारच्याच, एथिलीनडायअमीनची पाच अणूंची कडी समोरच्या टोकापर्यंत पोचत नाही.

दोन वायरी, दोन चणे: म्हणजे दोन एथिलीनडायअमीन आणि दोन क्लोराइडचा कोबाल्ट. चणे समोरासमोर ठेवले तर वायरी कमरेभोवती समोरासमोर येतात, आरशातलं रूप तेच. हा ट्रान्स, हिरवा, ऑप्टिकली निष्क्रिय, म्हणजे ध्रुवित प्रकाश न फिरवणारा. चणे शेजारी ठेवले की वायरी तिरक्या होतात आणि आरशातला बटाटा जुळत नाही. हा सिस, जांभळा, ऑप्टिकली सक्रिय. भौमितिक दोन, एकूण तीन. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मॉडेल एकदा हातानं केलेलं असावं. तीन वायरी बसवल्या तर पंख्याची तीन पाती दिसतात, एकात उजवीकडं वळलेली, दुसऱ्यात डावीकडं. त्यांना डेल्टा आणि लॅम्डा म्हणतात. तीन ऑक्झॅलेटचा क्रोमियमही असाच.

प्रयोगशाळेत तयार करताना दोन्ही रूपं निम्मी-निम्मी येतात, म्हणून द्रावण ध्रुवित प्रकाश फिरवत नाही. ती वेगळी करणं हे वेर्नरचं १९११ चं काम. अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंगबरोबर त्यानं दोन एथिलीनडायअमीन, एक अमोनिया, एक क्लोराइडच्या कोबाल्टला कापरापासून केलेल्या, स्वतःच एका बाजूला वळण असलेल्या आम्लाच्या क्षाराशी जोडलं. तयार झालेल्या दोन मिठांची विद्राव्यता वेगळी, म्हणून ती स्फटिकांनी सुटी झाली. १९१३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तरी शंका उरलीच होती: प्रकाश फिरवण्याचा गुण एथिलीनडायअमीनमधल्या कार्बनमुळे आला नसेल कशावरून? १९१४ मध्ये त्यानं एकही कार्बन नसलेलं, कोबाल्ट, अमोनिया आणि हायड्रॉक्साइडचं संयुग वेगळं करून दाखवलं, तेव्हा तीही शंका मिटली.

आता एक प्रश्न तुम्हीच सोडवा: कोबाल्टवर एक एथिलीनडायअमीन, दोन अमोनिया, दोन क्लोराइड. वायर कमरेवरच्या शेजारच्या दोन हिरांवर बसवा. वर-खाली काय आहे एवढंच बदलायचं आहे. दोन्ही क्लोराइड वर-खाली: एक. दोन्ही अमोनिया वर-खाली: दोन. वर क्लोराइड, खाली अमोनिया, आणि कमरेवर उरलेला एकेक: तीन, आणि हा तिसरा आरशात जुळत नाही. एकूण चार. उत्तर सहा आलं असेल तर बहुधा तिसऱ्याला कमरेवर चणा डावीकडं आणि चणा उजवीकडं असं धरून, वर त्या दोघांची आरशातली रूपंही मोजायला घेतली आहेत. बटाटा उलटा करून बघा, चणा डावीकडचा म्हणजेच उजवीकडच्याचं आरशातलं रूप.